कोण हललं?

“आता कोणी हलायचं नाही,” सासूबाईंनी जाहीर केलं. “आणि ह्यांनी शिंकायचं नाही.”

‘हे’ म्हणजे सासरेबुवा. सोफ्याच्या टोकाला ते दोन्ही पाय वर घेऊन बसले होते, कारण पाय खाली असले की ते हलवायची त्यांना सवय आहे, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. त्यांची लेक हातात कपबशी धरून स्वयंपाकघराच्या दारात जिथल्या तिथे थांबली होती. पंखा बंद, फ्रिज बंद, पडदे ओढलेले. खोलीच्या मधोमध ट्रायपॉडवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे घराचे एकुलते एक जावई. कपाळावरचा घाम ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, पण तो पुसायला हात हलवावा लागला असता, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

समोरच्या भिंतीवर सासूबाईंचं भरतकाम होतं. सगळा खटाटोप त्याच्यासाठी चालला होता.

एका भरतकामासाठी एवढा गहजब कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी ते पाहिलेलं नाही. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेलं अख्खं नदीकाठचं गाव होतं ते. पूल, लाल छपरांची घरं, होड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि ह्या सगळ्याचं पाण्यातलं उलटं प्रतिबिंब. सोफ्याएवढी लांबी आणि सासूबाईंच्या खांद्याएवढी उंची. सासूबाई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. नोकरीतून मोकळ्या झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी पहिला टाका घातला. मध्येच डोळ्यांत मोतीबिंदू आला, वाढला, काढला, पण सुई काही खाली ठेवली गेली नाही. पहिल्यांदा बघणारा माणूस ‘वा’ म्हणायला तोंड उघडायचा आणि ते मिटायचं विसरायचा. अशा कामापुढे दुसरं काही करताही येत नाही.

त्याच हॉस्पिटलात आता नवीन प्रवेशदालन झालं होतं आणि तिथल्या भिंतीसाठी हॉस्पिटलवाल्यांनी हे चित्र मागितलं. सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता हो म्हटलं. घरी येऊन भिंतीकडे पाहिल्यावर मात्र त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. चित्र जाईल, पण त्याच्या जागी त्याच मापाचा फोटो लागला पाहिजे आणि त्यात टाका न् टाका मोजता आला पाहिजे. तसा फोटो झाला नाही, तर त्या दिलेला शब्द मागे घेणार होत्या. फ्रेमवाले आज संध्याकाळी चित्र न्यायला येणार होते.

“एवढंच ना?” जावईबापू जेवताना म्हणाले होते. भरल्या पोटी माणूस काहीही बोलून जातो.

त्यांचा धंदा फोटोग्राफीचाच होता, पण ते माणसांच्या वाटेला जात नसत. नळ, कड्या, बिजागऱ्या, फारच चैन म्हणजे एखादा शॉवर, अशा वस्तूंचे कॅटलॉगसाठी फोटो काढायचे. “जावई नळांत आहेत,” असं सासूबाई लोकांना सांगत. लग्नानंतर त्यांनी जावयाकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे जावईबापूंच्या दृष्टीने हा फोटो नव्हता, परीक्षा होती.

सकाळी त्यांनी आधी साधा फोटो काढून पाहिला. मॅटीची वीण इतकी बारीक की त्या फोटोत सगळीकडे रंगीत लाटा उमटल्या.

“माझ्या नदीवर तेल सांडलंय,” सासूबाई म्हणाल्या.

“वीण बारीक असली की असं होतं, आई. थांबा, ह्याला औषध आहे माझ्याकडे.” औषध म्हटल्यावर सासूबाईंनी कान टवकारले. जावईबापू खुलले. “ह्या कॅमेऱ्यात एक मोड आहे. आतला सेन्सर केसाच्या जाडीहूनही कमी सरकतो आणि फोटो घेतो. परत सरकतो, परत घेतो. साध्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो, बाकीचे तो शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतो. इथे प्रत्येक जागेचे सगळे रंग खरोखर मोजले जातात. मग ते सगळे फोटो एकमेकांवर बसवायचे.”

“म्हणजे एका डॉक्टरच्या अंदाजावर न जाता सगळ्यांना आळीपाळीने तपासू द्यायचं.”

“अगदी तसंच.”

“आणि तोवर पेशंटने हलायचं नाही.”

“पेशंटने नाही, पलंगाने नाही, जमिनीनेही नाही. वाऱ्यातलं झाड, वाहतं पाणी, माणसं, ह्यांच्यासाठी हा मोड नाहीच. जे हलेल तिथे बारीक चौकटींची जाळी उमटते. पण जुनं चित्र असो, नाणं असो, कापड असो, नाहीतर आपला नळ. जे गप्प राहील त्याचं हा सोनं करतो.”

“असे पेशंट आम्हाला कधी मिळाले नाहीत,” सासूबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात कॅमेऱ्याबद्दल आदर आला होता.

आणि खरोखरच पहिला फोटो लॅपटॉपवर उघडला तेव्हा खोलीतले सगळे पुढे झुकले. लाटा पार गेल्या होत्या. चित्र मोठं करत जावं तसं ते उलगडतच जाई. आधी गाव, मग एक घर, मग एक खिडकी, मग खिडकीतली एकच फुली, मग त्या फुलीच्या धाग्याचा पीळ आणि पिळातून सुटलेली एक कुसळाएवढी लव. सुई जिथून खाली गेली ती भोकंसुद्धा दिसत होती. सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवून पाहिलं. धागा बोटाला लागत नाही ह्याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. नळांच्या फोटोवर असं कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं, त्यामुळे जावईबापूंनाही भरून आलं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष तिसऱ्या छपराकडे गेलं. छपराच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेतल्या फुल्या वेगळ्या दिसत होत्या. बाकीच्यांच्या ओळीत असूनही ओळीतल्या वाटत नव्हत्या.

“काहीतरी हललंय,” ते पुटपुटले.

“मीच,” सासरेबुवा म्हणाले.

इतक्या तातडीने आणि कोणी विचारलेलं नसताना त्यांनी गुन्हा कबूल करावा, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. दुसऱ्याची चूक शोधणं हा त्यांचा व्यवसाय आणि स्वतःची नसणं हा त्यांचा अभिमान. पण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष छपराकडे होतं.

“तुमचे पाय,” सासूबाई म्हणाल्या. “वर घ्या.”

पाय वर गेले, फ्रिजची पिन काढली गेली आणि दुसरा फोटो निघाला. कथेच्या सुरुवातीला आपण पाहिला तो हाच. छपराचा कोपरा होता तसाच. शिवाय आता पुलाच्या कमानीखालीही तसाच एक तुकडा सापडला.

“मला वाटतं, मी श्वास जोरात घेतला,” सासरेबुवा म्हणाले.

“बाबा, तुम्ही सोफ्यावर घेतलेल्या श्वासाने भिंत हलत नाही,” लेक म्हणाली.

“मग साधाच फोटो लावा ना. इतक्या जवळून बघायचंय कोणाला? माणूस भिंतीपासून लांब उभा राहून बघतो.”

औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणाऱ्या आणि मग कंपनीला पत्र पाठवणाऱ्या माणसाने हे म्हणावं, ह्याचं लेकीला जरा नवल वाटलं. पण नेमकं तेव्हाच वरून धप्प धप्प असा आवाज आला आणि जावईबापूंनी चुटकी वाजवली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोरीवरच्या उड्या मारत.

सासूबाई स्वतः वर गेल्या. त्यांचा आवाज जिन्यातून खाली ऐकू येत होता.

“उड्या बंद करा.”

“पण बाई, वजन उतरवायला सांगितलंय हो मला.”

“उद्या उतरेल. पलंगावर बसा. पाय लोंबकळत ठेवू नका. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.”

“पाणी प्यायलं तर चालेल का?”

“आत्ता पिऊन घ्या.”

वरच्यांचा बंदोबस्त झाला तर लिफ्टची घरघर ऐकू यायला लागली. लिफ्टची वाट भिंतीला लागूनच होती. सासूबाईंनी लिफ्ट आपल्या मजल्यावर बोलावली आणि तिच्या दारात स्टूल ठेवलं. लिफ्ट थांबली, पण त्यामुळे लोक जिन्याने चढायला लागले. त्यातच दोन माणसं कोणाचं तरी नवीन कपाट घेऊन आली होती. ती खाली थोडा वेळ थांबली, लिफ्ट येत नाही म्हटल्यावर कपाट जिन्याने वर चढवायला लागली आणि प्रत्येक पायरीला ते आपटायला लागली. जावईबापूंनी डोक्याला हात लावला.

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. वॉर्डात ओरडून कोणी गप्प बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या फक्त म्हणाल्या, “आहात तिथे बसा. आत फोटो चाललाय.”

‘आत फोटो चाललाय’ म्हणजे काय हे कोणालाच कळलं नाही, पण एक्स-रे किंवा त्याहून गंभीर काहीतरी असावं, असा समज झाला. कपाटवाले कपाटाला टेकून बसले. क्लासवरून आलेल्या मुली पायरीवर बसल्या. तळमजल्यावरच्या आजोबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मला ही बाई नेहमीच थोर वाटत आली आहे, पण त्या दुपारी तिने एक अख्खी इमारत नुसत्या साध्या बोलण्यावर थांबवली. नळ ठिबकायचासुद्धा राहिला असावा, अशी शांतता पसरली आणि त्या शांततेत कॅमेऱ्याने आपलं सरकणं आणि टिपणं पुरं केलं.

छपराचा कोपरा होता तसाच होता.

जावईबापू खुर्चीत बसले. आता एकच गोष्ट उरली होती. कॅमेरा बिघडला होता. ज्याच्या जिवावर घर चालत होतं, ज्याची सकाळपासून एवढी तारीफ केली, तोच सासूबाईंसमोर तोंडावर आपटला होता. संध्याकाळ व्हायला आली होती आणि फ्रेमवाल्यांचा ‘निघालोय’ असा फोनही येऊन गेला होता.

“नका त्रास करून घेऊ,” सासरेबुवा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “चूक तुमची नाही, यंत्राची नाही. चूक माझीच आहे.”

“बाबा, तुम्ही हललाच नाहीत हो.”

“तरीही.”

लेक मघापासून तिन्ही फोटो शेजारी शेजारी उघडून बघत होती. “ऐक ना,” ती नवऱ्याला म्हणाली, “थरथर दर वेळी त्याच छपरावर कशी येते रे? आणि पुलाखाली त्याच जागी?”

जावईबापूंनी मान वर केली. जे हलतं ते दर वेळी वेगळं हलतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी छपराचा कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. जाळी कुठेच नव्हती. धागा स्वच्छ होता, पीळ स्वच्छ होता. फक्त सगळ्या चित्रात फुलीचा वरचा धागा उजवीकडे चढत जात होता आणि ह्या तुकड्यात तो डावीकडे चढत होता.

“हे हललेलं नाही,” ते सावकाश म्हणाले. “हे असंच शिवलंय. कॅमेरा पहिल्यापासून बरोबर होता.”

त्यांना इतका आनंद झाला की आपण काय बोललो हे त्यांना जरा उशिरा कळलं. सासूबाईंच्या कामात दुसऱ्याच हाताचे टाके आहेत, असं त्यांनी सासूबाईंसमोरच सांगितलं होतं. लेकीने बापाकडे पाहिलं. सासरेबुवा खिडकीच्या पडद्याच्या घड्या मोजत होते.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि लॅपटॉपपुढे वाकल्या. “सरका जरा. हं. छपराचा कोपरा ह्यांचा. पुलाखालचं ह्यांचं. त्या होडीचं वल्हंही ह्यांचंच, ते तुम्हाला सापडलं नाही अजून. आणखीही आहेत. डावखुऱ्या माणसाचा टाका असाच पडतो.”

खोलीत आता सांगितल्याशिवायच कोणी हलत नव्हतं.

“तुला माहीत होतं?” सासरेबुवांनी विचारलं.

“मोतीबिंदू माझा काढला ना? त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं.”

सासरेबुवांनी पाय खाली घेतले. “तुला तेव्हा दिसत नव्हतं,” ते म्हणाले. “एक टाका चुकला की पुढची सगळी ओळ सरकायची. तू दुपारी पडलीस की मी तेवढं उसवून नीट करायचो. सांगितलं असतं तर तू हात लावला नसतास परत.”

“नसता लावला,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग म्हणाल्या, “पण ऑपरेशननंतरच्या चुका मी मुद्दाम केल्यात.”

“मुद्दाम?”

“तुम्हाला रिटायर होऊन वर्षच झालं होतं, आणि माझ्या चुका थांबल्यावर तुम्हाला काम उरलं नाही. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचायचात. त्या पाटीत चूकही नव्हती बिचारीत. मला बघवेना. मग मी पाण्यात दोन-चार टाके चुकवायला लागले आणि दुपारी डोळे मिटून पडायला लागले. गुणगुणत उसवायचात तुम्ही. ऐकलंय मी.”

सासरेबुवांच्या चेहऱ्यावर आधी काय आलं ते सांगणं कठीण आहे, पण नंतर जे आलं तो निव्वळ व्यावसायिक संताप होता. “त्या पाण्याने माझा जीव काढला. चार तऱ्हेचे निळे, एकापासून दुसरा ओळखू येत नाही, आणि म्हणे मुद्दाम.”

“म्हणून तर पाण्यात चुकवायचे. छपरात केलं असतं तर तुमचं अर्ध्या तासात उरकलं असतं.”

जावईबापू आणि त्यांची बायको एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघत होते. सकाळपासून दहा वेळा पाहिलेलं ते पाणी आता काही वेगळंच दिसत होतं. इतका खोल निळा रंग एका माणसाच्या हातून उतरणारच नव्हता.

दारावर बेल वाजली. फ्रेमवाले जिन्यातल्या लोकांना ओलांडत ओलांडत वर आले होते. लोक असे का बसलेत, असं त्यांनी विचारल्यावर सासूबाईंना आठवण झाली आणि त्यांनी दारातूनच सगळ्यांना उठायची परवानगी दिली. वरच्या गृहस्थांना लेकीने फोन केला. त्यांचे दोन्ही पाय बधिर झाले होते, पण तक्रार नव्हती.

“चित्र कुठलं न्यायचं?” फ्रेमवाल्याने विचारलं.

“हे जाणार नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुम्ही शब्द दिलाय,” जावईबापू घाबरून म्हणाले. “आणि फोटो चांगला आलाय. पहिलाच.”

“म्हणूनच. तोच फोटो तिकडे जाईल. त्याचीच फ्रेम करा.”

“आणि भरतकाम?”

“शब्द मी माझ्या कामाचा दिला होता. ह्यांचं काम दान करायचा मला काय अधिकार?”

“मी देतो म्हटलं तर?” सासरेबुवांनी विचारून पाहिलं.

“तुम्हाला कोणी विचारलंय?”

मग त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला. मेट्रनबाईंचा आवाज तिकडे अजून सगळ्यांना माहीत होता. “चित्र घरीच राहतंय,” त्या म्हणाल्या. “त्याचा फोटो येतोय, त्याच मापाचा. नाही, कमी वगैरे काही नाही. टाका न् टाका मोजता येईल. खाली काय लिहायचं? लिहा, भरतकाम नवरा-बायकोचं, फोटो जावयाचा.” पलीकडून काही विचारणा झाली असावी. “नाही, माझं एकटीचं नाही. तुमच्याकडे होती ती बातमी चुकीची होती.” आणि त्यांनी फोन ठेवला.

जावईबापू ट्रायपॉड मिटायला लागले. सासरेबुवांनी मात्र लॅपटॉपपुढची खुर्ची धरली होती. हा मोड त्यांना फारच आवडला होता. आयुष्यभर त्यांनी भिंगाखाली जे केलं, ते आता पडद्यावर बसल्या बसल्या करता येत होतं. एका छपरापासून दुसऱ्या छपरापर्यंत ते सावकाश सरकत होते आणि मध्येच थांबले.

“ही बघ,” ते म्हणाले. “घाटाच्या पायरीत एक चूक राहिलीय. इथे विणीची दोन घरं सोडून टाका घातलायस. ही आधीची की नंतरची? खरी की मुद्दाम?”

सासूबाई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. “आता आठवत नाही.”

“मग करून टाकतो नीट.”

“बाबा, पण फोटोत ती चूक तशीच राहील,” जावईबापू काकुळतीला येऊन म्हणाले. “परत काढायचा म्हणजे सगळ्यांना परत थांबवायला लागेल.”

“राहू दे फोटोत,” सासूबाई म्हणाल्या. “हॉस्पिटलात लोक तासन् तास बसून असतात. सापडेल कोणाला तरी. तेवढाच विरंगुळा.”

त्यांनी कपाटातून शिवणाची पेटी काढली, पायरीच्या रंगाचा धागा शोधला, सुईत ओवला आणि नवऱ्याच्या डाव्या हातात दिला. सासरेबुवा भिंतीपाशी खुर्ची ओढून बसले. घड्याळाकडे त्यांची नजर गेली, मग बायकोकडे. दुपार केव्हाच टळली होती, तरी सवयीने ती आता पडून डोळे मिटेल, अशी ते वाट बघत असावेत. सासूबाई त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “करा. मी जागी आहे.”